‘अगं, बोल की एकदाची!’

संध्याकाळी साडेसातच्या ठोक्याला आमच्या सासूबाई परात घेऊन टीव्हीसमोर बसतात. परातीत मेथीची जुडी असेल, चवळीच्या शेंगा असतील, नाहीतर नुसताच सोलायचा लसूण. वय वर्षे शहाऐंशी, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झालेली, पण त्यांनी निवडलेल्या मेथीत एक काडी सापडेल तर शपथ! समोर मालिका चाललेली असते. पडद्यावरची सून कुणाचे तरी दाराआडून ऐकलेले मनात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून, ओठ घट्ट मिटून उभी असते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तीन तीन वेळा आदळतो, मागे काहीतरी धाडधाड वाजते आणि सासूबाईंचा मेथी खुडणारा हात थांबतो.

“अगं, बोल की एकदाची! तोंड शिवलंय का तुझं?”

ती बोलत नाही. जाहिराती लागतात. उद्याही ती बोलणार नाही हे सासूबाईंना ठाऊक असते, मलाही ठाऊक असते. तरी उद्या साडेसातला परात येतेच.

वाचक भगिनींनो, तुमच्याही घरी थोड्याफार फरकाने हेच चालत असणार. मालिकांना आपण सगळ्याच हसतो. झोपतानासुद्धा बाईच्या अंगावर जरीची साडी कशी, हिच्या घरी दूध कधी उतू कसे जात नाही, भांडीवाली दांडी कशी मारत नाही, गॅस ऐन पाहुण्यांत कसा संपत नाही! हे हसणे सोपे आहे. मला मात्र अलीकडे सासूबाईंचाच प्रश्न सतावू लागला आहे. ही बाई बोलत का नाही? नवऱ्याला किंवा सासूला समोर बसवून एक वाक्य सरळ विचारले, तर असे काय बिघडणार आहे?

बिघडेल इतकेच, की मालिका संपेल!

गंमत नाही, हिशेबच मांडून पाहा. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की गोष्टीला वीस-बावीस मिनिटे उरतात. आठवड्याचे सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेच्या वर. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका त्यावेळच्या ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीपर्यंत चालली. नावात दिवस चार आणि भाग तीन हजारांच्या वर! एवढे कापड विणायला सूत आणायचे कुठून? कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, वरून वाहिनीच्या मंडळींच्या सूचना, आणि दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येणार. आकडा घसरला की ठरलेली गोष्ट वळवायची. शिवाय बाहेर जाऊन चित्रण करणे खर्चाचे आणि वेळखाऊ. एकदा दिवाणखाना, जिना, देवघर आणि स्वैपाकघर उभे केले की त्यातच वर्षानुवर्षे भागवायचे. नायिका नोकरी करते असे सांगतात, पण तिचे ऑफिस आपल्याला क्वचितच दिसते. दिसते ते घर, कारण सेट घराचा असतो! आणि अशा चार भिंतींत रोज वीस मिनिटे पुरेल असा सगळ्यांत स्वस्त माल कोणता, तर गैरसमज. गैरसमज पिकवायला माणूस असे लागते, की ज्याला खरे काय ते ठाऊक आहे पण जे तोंड उघडत नाही. पुरुष गप्प बसला तर तो नेभळट वाटेल. बाई गप्प बसली की तिला सोशिक म्हणता येते. झाले, भूमिका ठरली!

पण हे पहिल्यापासून असे नव्हते. आमच्या पिढीला ‘रजनी’ आठवत असेल. १९८५ साल, दूरदर्शन, बासू चटर्जींचे दिग्दर्शन आणि प्रिया तेंडुलकर. भलेमोठे कुंकू, पदर खोचलेला, खांद्याला पिशवी. गॅस सिलिंडरवाला अडवणूक करतो? विचारते. टॅक्सीवाला भाडे नाकारतो? विचारते. तिच्या त्या टॅक्सीच्या भागावरून टॅक्सीवाल्यांनी खरोखरीच निषेध केला होता. एका मालिकेतल्या गृहिणीच्या जिभेची एवढी दहशत! पण रजनीला ते परवडत होते. ती आठवड्यातून एकदा येई, एक प्रश्न घेई आणि त्याच दिवशी तो तडीस लावून जाई. तिचे बोलणे हीच तिची गोष्ट होती. तिच्याकडून उद्याच्या भागासाठी काही राखून ठेवायची कुणाला गरज नव्हती.

१९८९ ची ‘उडान’ घ्या. कविता चौधरींनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीचे कामही स्वतःच केले. गोष्ट घरातलीच होती. त्यांची बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य पोलीस अधिकारी होती आणि पुढे २००४ साली ती उत्तराखंडची पोलीस महासंचालक झाली, देशात त्या पदावर पोचलेली पहिली स्त्री. (सर्फच्या जाहिरातीतल्या भाव करणाऱ्या ललिताजी त्या याच कविता चौधरी, बरं का!) ‘उडान’ही आठवड्याची आणि थोडक्या भागांची. बाईला काहीतरी व्हायचे आहे, ती त्यासाठी धडपडते आणि होते, इथे गोष्ट संपवायची सोय होती.

मात्र जुने ते सगळे सोने असेही मी म्हणणार नाही. त्याआधीची ‘हम लोग’ आठवा. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संपलेली. मेक्सिकोत मालिकांतून लोकशिक्षण करतात हे पाहून आपल्या वसंतराव साठ्यांनी, ते तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होते, ती कल्पना इथे आणली. लेखक मनोहर श्याम जोशी. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगत. त्यात दारुड्या बसेसरची बायको भगवंती होती. दिवसभर राबणारी, नवऱ्याचे, सासूचे बोलणे खाणारी, स्वतःसाठी काही न मागणारी. हेतू असा, की तिच्याकडे पाहून बायकांनी म्हणावे, असे आपण जगायचे नाही. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा उलटेच निघाले. पुष्कळ प्रेक्षकांनी भगवंतीलाच आदर्श मानले होते आणि त्यांत बायका भरपूर होत्या.

मला तो अभ्यास वाचून नवल वाटले नाही. मी १९८५ च्या मे महिन्यात लग्न होऊन सदाशिव पेठेतल्या वाड्यात आले. टीव्ही घरमालकांकडे, काळा-पांढरा. ‘हम लोग’ लागले की सगळा वाडा त्यांच्या सतरंजीवर. पुढच्या वर्षी पावसाळ्यात थोरल्या वन्सं पाच वर्षांच्या मुलीला घेऊन अचानक माहेरी आल्या. अंगावरचे वळ लपवायला पावसाळ्यातही लांब बाह्यांचा पोलका. मी नवी सून, ओट्याशी उभी. आतल्या खोलीत वन्सं काय बोलल्या ते ऐकू आले नाही, सासूबाई काय बोलल्या ते आले. “चार दिवस सोस गं. त्या भगवंतीनं नाही का सोसलं? घर तिनंच तारलं ना शेवटी?”

तिसऱ्या दिवशी मामंजी वन्संना एसटीत बसवून आले. संसार झाला, मुलीचे शिक्षण झाले, नवरा पिऊन पिऊन गेला. कसे झाले ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण त्या दिवशी त्या दमट खोलीत एक न झालेली बाई आणून उभी केली गेली आणि खऱ्या बाईला गप्प बसवले गेले, हे मी विसरलेले नाही.

त्यानंतर पंधराएक वर्षांनी ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली, अमिताभच्या ‘कौन बनेगा करोडपती’च्याच दिवशी, आणि घराघरांतल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळा बदलल्या. नोव्हेंबर २००८ पर्यंत १,८०० च्या वर भाग. पुजाऱ्याची मुलगी तुलसी श्रीमंत विराणींच्या घरात येते आणि घर सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर सगळ्यांचे सगळे पोटात घालते. तुलसी अगदीच मुकी होती असे नाही. सुनेवर अत्याचार करणाऱ्या पोटच्या मुलाविरुद्ध ती उभी राहिली, शेवटी त्याच्यावर गोळीही झाडली. पण गंमत पाहा, मधली पायरीच नाही! एकतर सोसायचे, नाहीतर थेट बंदूक. “हे मला चालणार नाही” असे मंगळवारी सकाळी चहा गाळताना म्हणायची सोय तिला कुणी ठेवलीच नाही.

ही सोय होती ती खलनायिकेला. ‘कसौटी जिंदगी की’मधली कोमोलिका आठवा. उर्वशी ढोलकिया, ती नागमोडी टिकली, ते केस कुरवाळणे. तिला काय हवे ते ती सरळ सांगे. योजना आखी, पैशाचे व्यवहार करी, हरली तर पुन्हा उठे. आमच्या मराठीतही तेच. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया, ‘आई कुठे काय करते’मधली संजना. पहिल्या भागांतली त्यांची ओळखच अशी करून दिली, की कपडे आधुनिक, ऑफिसात वावर, मनात येईल ते तोंडावर, आणि म्हणून घर मोडणारी. इच्छा, अक्कल आणि जीभ ही तिन्ही गाठोडी वाईट बाईच्या पदरात आणि चांगल्या बाईला नुसते अश्रू. म्हणून माझ्यासारखीला कधी कधी कबूल करावे लागते, की वाईट बाई आली की जरा बरे वाटते. निदान काही घडते तरी!

आणि तो नवरा! दोघींच्या मध्ये तो बावळटासारखा उभा. त्याच्याबद्दल लिहायला मला जागा वाया घालवायची नाही.

मराठीत सुरुवात खरे तर वेगळी झाली होती. दूरदर्शनवरची ‘दामिनी’ पत्रकार होती. प्रतीक्षा लोणकरने ती दुपारच्या वेळी घरोघरी नेली. तेव्हाच्या अल्फा मराठीवर १९९९ मध्ये आलेल्या ‘आभाळमाया’तली सुधा जोशी कॉलेजात शिकवणारी. नवऱ्याचे बाहेर कुणाशी आहे हे कळल्यावरही ती आपले शिकवणे, आपल्या मुली, आपले डोके ठिकाणावर ठेवून जगते. सुकन्या कुलकर्णीच्या त्या सुधाला मी अजून विसरलेले नाही, कारण ती दमलेली दिसायची. काम करून आलेल्या बाईचा चेहरा कसा असतो हे तिथे दिसले. मग रोजच्या रतिबाचे दिवस आले. ‘होणार सून मी ह्या घरची’तली जान्हवी बँकेत नोकरी करणारी, पण लोकांच्या लक्षात राहिल्या तिच्या सहा सासवा आणि तिचे न संपणारे बाळंतपण. नऊ महिने उलटून गेले तरी मूल होईना, तेव्हा त्यावर गावभर विनोद झाले. विनोदाचे सोडा, पण हाही त्याच हिशेबाचा भाग. पोटात गोष्ट, ओठांत गोष्ट, सगळे थांबवून धरायचे.

राधिकेचे काय, असे कुणी विचारील. नागपूरची राधिका नवऱ्याच्या प्रकरणानंतर मसाल्यांचा धंदा काढते आणि बघता बघता कोट्यवधींची मालकीण होते. अनिता दातेने ती वऱ्हाडी ठसक्यात झकास रंगवली, यात शंका नाही. पण ज्या मैत्रिणींनी दिवाळीत दहा किलो चकलीची भाजणी विकून पाहिली आहे त्यांनाच विचारा! अन्न परवाना, पिशव्यांचे सीलिंग, दुकानदाराची उधारी, पावसाळ्यात तिखटाला येणारी बुरशी. लिज्जत पापडाच्या सात जणींनी १९५९ साली गिरगावात ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली आणि मग वर्षानुवर्षे पापड लाटले. राधिकेच्या वाट्याला ते कष्ट आले असते तर ती मालिका मी परातीशिवाय, दोन्ही हात मोकळे ठेवून पाहिली असती. बाईचे काम पडद्यावर एका गाण्यात उरकते आणि तिचे रडणे मात्र सहा भाग पुरते, हे उलटे व्हायला हवे होते.

यातल्या कितीतरी मालिका बायकांनीच लिहिल्या आहेत, निर्मात्याही बायका आहेत, बघणाऱ्या तर आपणच. तेव्हा ‘पुरुषांनी असे चितारले’ म्हणून हात झटकता येत नाहीत. ‘आई कुठे काय करते’ मुळात बंगालीतल्या ‘श्रीमयी’वर बेतलेली, आणि ती लिहिली लीना गंगोपाध्याय यांनी. मराठीत डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, हिंदीत तीच ‘अनुपमा’ म्हणून आली. पंचवीस वर्षे संसार केलेली अरुंधती, मधुराणी प्रभुलकर. घरात कुणाला तिची किंमत नाही, नवऱ्याचे दुसरीकडे सूत. इथवर सगळे ओळखीचे. पण ही बाई बोलली. घटस्फोट घेतला, गाणे पुन्हा हातात धरले, पुढे दुसरे लग्नही केले. पन्नाशीकडे झुकलेल्या आईने दुसरे लग्न करायचे, हे साडेसातच्या वेळी, परातीसमोर! आमच्या शेजारच्या दोघी-तिघींनी तिला नावे ठेवली, पण एकही भाग चुकवला नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. बोलून झाले, आता पुढे काय? आकडे चांगले, तेव्हा मालिका थांबवता येईना. मग देशमुखांच्या घरात काही झाले की धाव अरुंधती. मुलांचे, सुनांचे, माजी सासू-सासऱ्यांचे, इतकेच काय माजी नवऱ्याचेही निस्तरायला तीच. ‘ही त्या घरातून बाहेर कधी पडणार?’ असे प्रेक्षकच विचारू लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालिका संपेपर्यंत तिची त्यातून सुटका नव्हती. घटस्फोट तिने नवऱ्याशी घेतला, वाहिनीशी घेता आला नाही!

एवढे सगळे लिहून मी म्हणणार होते, की असल्या मालिका बायकांना मागे नेतात. पण तसे म्हणताना एक अभ्यास आडवा येतो. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी आपल्याकडच्या खेड्यांत केबल आल्यावर काय झाले ते पाहिले आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध केले. माहिती २००१ ते २००३ मधली, म्हणजे तुलसी-पार्वतीच्या ऐन भरातली. जिथे केबल नव्याने आली तिथे नवऱ्याने मारलेले चालते म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा म्हणणाऱ्या कमी झाल्या, स्वतःच्या जाण्यायेण्याबद्दल आणि खर्चाबद्दल त्या जास्त बोलू लागल्या. मुलांची संख्यासुद्धा घटली. आता बोला! पडद्यावरची बाई गप्प, आणि ती बघून खेड्यातली बाई बोलायला लागली. बघणारी काय घेईल आणि काय टाकील हे लिहिणाऱ्याच्या हातात नसते, हे भगवंतीच्या वेळी दिसले होतेच. तिथे चांगल्या हेतूतून उलटे निघाले, इथे नुसत्या करमणुकीतून सुलटे. मात्र भगवंतीचे नाव घेऊन परत पाठवलेली एक जण माझ्या घरची आहे, त्यामुळे सरासरीने माझे पुरते समाधान होत नाही.

अरुंधती त्या घरातून बाहेर पडली त्या संध्याकाळी आमच्याकडे मेथीच होती. सासूबाई एकदाही ओरडल्या नाहीत. भाग संपला, पुढची मालिका लागली, तरी हात परातीतच. मग म्हणाल्या, “बरं केलं.” आणि थोड्या वेळाने, “जरा तिला फोन लावून दे.”

मी वन्संना फोन लावून दिला. आधी रक्तदाबाच्या गोळ्यांचे झाले, नातजावयाच्या बदलीचे झाले. मग सासूबाईंनी विचारले, “बघितलंस का आज?” वन्संनी बघितले होते. दोघी गप्प. स्पीकर चालू होता, पलीकडे कुकरची शिट्टी झालेली मला इकडे ऐकू आली.

“तू आली होतीस ना त्या पावसाळ्यात,” सासूबाई म्हणाल्या, “तेव्हा मी तुला त्या भगवंतीचं सांगितलं होतं.”

“आई, भाजी फोडणीला टाकलीय,” वन्सं म्हणाल्या. “करपेल. मग बोलते मी.”

फोन ठेवून सासूबाईंनी परात पुन्हा पुढे ओढली. मेथी केव्हाच निवडून झाली होती. त्या नुसत्याच काड्यांतून हात फिरवीत बसल्या.